साधं पाणी

सकाळी कामावर जायच्या घाईत मी इस्त्रीचा ब्लाउज घ्यायला लाँड्रीत, घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत गेले, तर आमचा मर्फी सशांच्या कुंपणावरून मान आत घालून त्यांची वाटी संपवत होता. चोरून पिणारा कुत्रा कसा पितो ते मला ठाऊक आहे. हा तसा पीत नव्हता. हक्काच्या पाणपोईवर आल्यासारखा, मधेच थांबून श्वास घेत, निवांत पीत होता. दोन्ही ससे मागच्या भिंतीला चिकटून बसले होते. वाटी संपल्यावर त्याने कडेकडेने जीभ फिरवली, माझ्याकडे बघून शेपूट हलवलं, ओलं तोंड माझ्या स्कर्टला पुसलं आणि अंगणात निघून गेला. मी ब्लाउज हातात धरून तशीच उभी राहिले. आमची लेक टीगन खाणीवर नोकरीला गेल्यापासून रोज सकाळी मी ती वाटी रिकामी बघत होते, रोज भरत होते, आणि रोज संध्याकाळी फोनवर तिला सांगत होते, पितात गं, चाटूनपुसून साफ करतात. चाटूनपुसून कोण साफ करत होतं ते आता समोर दिसलं. ससे मग काय पीत होते? मी कुंपणाशी खाली बसले. सॉल्ट, तो पांढरा, नाक हलवत जरा पुढे आला. व्हिनेगर जागची हलली नाही. ती तपकिरी मादी पाठ वर काढून गोळा होऊन बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. रात्रीचं गवत तसंच पडलेलं. ट्रेमध्ये लेंड्या मोजक्याच, बारीक, मिऱ्यांसारख्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं, असं म्हणतात ना, तसंच झालं, आणि त्यातही मला राग आला तो या म्हणीचा.

या घरात पाणी भरायचं काम माझ्याकडे कधी आलं ते मला आठवत नाही. लग्नात तसं काही बोलणं झालं नव्हतं. पण मर्फीची बादली मी भरते, पिकल मांजरीचं ताट मी भरते, आणि ती त्याला तोंड न लावता न्हाणीघरातला नळ टपटपता ठेवावा म्हणून ओरडते, तेव्हा नळही मीच सैल करते. माझ्या नवऱ्याच्या, रॉसच्या, कलगीवाल्या पोपटाची वाटी दिवसातून दोनदा, कारण तो त्यात आंघोळ करतो आणि मग घाण म्हणून पीत नाही. रॉसच्या उशाशी रात्री पेला, तो सकाळी तसाच भरलेला, तो मी कुंडीत ओतायचा. मोटारींचा कारखाना बंद झाल्यापासून रॉस घरीच असतो. दिवसभर या जनावरांच्या मधून फिरतो, त्यांच्याशी गप्पा मारतो, त्यांची नावं बदलून बदलून हाका मारतो, पण एखादी वाटी कोरडी दिसली तर कामावर मला फोन करून सांगतो, "लिन, पिकलचं पाणी संपलंय." म्हणजे मी दातांच्या दवाखान्यातून उठून, गाडी काढून, घरी येऊन ते भरावं. हे त्याला अनेकदा सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि घरचं झालं थोडं म्हणून की काय, त्यात हे ससे आले.

ते आले तेव्हा मला आनंद झाला होता, हेही सांगायला हवं. टीगन सतराव्या वर्षी घर सोडून गेली ती काहीही न मागता. गादी मागितली नाही, गाडीच्या कर्जाला जामीन मागितला नाही, आजारी पडली तर महिन्याने कळायचं. रॉस म्हणायचा, पोरगी स्वाभिमानी आहे. मला वाटायचं, पोरीला माझ्याकडून काही नको आहे, आणि या दोन गोष्टींत फार फरक आहे. ती वर टेकड्यांवर हॅमिशबरोबर राहायला गेली, तिथे दोघांनी जुनं दगडी घर घेतलं, बाग केली, ससे पाळले. आम्ही ख्रिसमसला जायचो, संध्याकाळी परत यायचो. मग गेल्या हिवाळ्यात काहीतरी झालं. काय ते तिने सांगितलं नाही. घर हॅमिशकडे राहिलं, ससे तिच्याकडे आले, आणि तिने उत्तरेला खाणीवर नोकरी धरली, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे इकडे. अ‍ॅडलेडमध्ये एका मैत्रिणीकडे तिने खोली घेतली. त्या मैत्रिणीला सशांच्या केसांनी शिंका येतात असं निघालं, म्हणून गेल्या रविवारी दोन्ही ससे पिंजऱ्यात घालून ती आमच्या दारात उभी राहिली. "तुझ्यावरच सोडून जातेय, आई. दुसऱ्या कुणावर नाही सोडणार." मी पिंजरा तिच्या हातातून घेतला. मग तिने सूचना दिल्या. गवत भरपूर, पाला थोडा, गोड काही नाही, ती उलटी टांगायची बाटली तर मुळीच नाही, जड वाटी ठेव. आणि पाणी? "साधं पाणी दे गं. बाकी काही लाड नकोत." जाताना गाडीच्या काचेतून तिने एवढंच म्हटलं, की हॅमिशचा फोन आला तर घेऊ नकोस, त्याचं नाव मला या घरात ऐकायचं नाही. रॉस तेव्हा मर्फीच्या कानातल्या गोचिड्या बघत होता. त्याने ऐकलं असावं, पण मान वर केली नाही.

तर मी साधं पाणी देत होते. वर इथे फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा, दुपारचा पारा बेचाळीसच्या पुढे जातोय म्हणून दोन बर्फाचे खडे टाकत होते. लाड नकोत म्हटलं तरी एवढं आपण करतोच. आणि त्या बर्फामुळेच मर्फीला लाँड्रीचा रस्ता सापडला असणार, कारण त्याची बादली अंगणात उन्हात तापते आणि लाँड्रीचं दार पिकलसाठी किलकिलं असतं. म्हणजे मी माझ्या हाताने कुत्र्याला थंड पाणी वाढत होते आणि सशांची तब्येत लेकीला कळवत होते. एका घरात इतकी जनावरं असली की कुणी काय प्यायलं याचा हिशेब लागत नाही. वाटी रिकामी म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. आई म्हणून मी आयुष्यभर तेच धरून चालले. डबा रिकामा आला की पोर जेवली. आता वाटतं, त्या डब्यातलं शाळेच्या कुंपणावरच्या मॅगपाय पक्ष्यांनी खाल्लं असेल, मला काय माहीत.

दवाखान्यात मी फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, ससा. मग आमचे डॉक्टर म्हणाले, बरं, आणि त्या 'बरं'मध्ये चार रुग्ण आणि एक रूट कॅनाल होतं. रॉसला म्हटलं, तू मर्फीला आत येऊ देऊ नकोस. तो म्हणाला, कुत्रा आहे तो, त्याला तहान लागते. वाद घालत बसले असते तर व्हिनेगरला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायला दुपार उजाडली असती. पुठ्ठ्याच्या खोक्यात टॉवेल घालून तिला शेजारच्या सीटवर ठेवलं. गाडी तापलेली, स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. खोक्यातून आवाज नाही. सिग्नलला थांबले की मी झाकण उचलून बघायची, श्वास चालू आहे ना. टीगन लहान असताना मी पाळण्यात अशीच वाकून बघायची, आणि रॉस म्हणायचा, तूच तिला जागं करशील. नंतर ती रात्री उठून रडायची आणि पाणी मागायची. पाणी दिलं की दोन घोट पिऊन झोपायची. तिला तहान लागलेली नसायची, मी यावं एवढंच असायचं, हे तेव्हा कळायचं नाही. तेव्हाही मी वैतागून उठायची. वैताग हा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही, पण मी उठायची.

जनावरांची डॉक्टर तरुण होती, कुमारी नावाची, हाताला मांजरींचे ओरखडे. तिने व्हिनेगरच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच खाली गेली नाही. पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, बराच वेळ ऐकलं. आतडं मंदावलंय, म्हणाली, अजून थांबलं नाही. थांबलं तर मग हातात काही राहत नाही. तिने कातडीखाली सलाइन सोडलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, हिरवी पूड आणि ती भरवायची पिचकारी दिली. पाणी किती पितात, असं तिने विचारलं, आणि मी कुत्र्याचा किस्सा सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, आठवडाभर ओल्या पाल्यावर तग धरलाय त्यांनी. मी सलाइन दिलंय त्याने आजचा दिवस निघेल, पण तिने स्वतः प्यायला हवं. वाटी होती, कुत्रा दिवसभर काही तिथे नसणार, मग का नाही प्यायली? जागा बदलली, वाटी बदलली, की पाणी बदललं? ससे फार चोखंदळ असतात. चव ओळखीची नसेल तर तहानेने मरतील, पण तोंड लावणार नाहीत. मी म्हटलं, पाणी कुठे बदलणार, पाणी ते पाणी. पोरीने सांगितलं होतं, साधं द्या, साधंच दिलं.

परतीच्या रस्त्यावर पुलाचा चढ लागला आणि समोर टेकड्या दिसल्या, पिवळ्या, वाळलेल्या, मधे मधे निलगिरीची झाडं. आणि मला एकदम ते कळलं. इतकं सरळ कळलं की मी मोठ्याने शिवी दिली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. वर टेकड्यांवर नळच नाहीत. सरकारी पाण्याची लाइनच तिथे गेलेली नाही. प्रत्येक घराला दोन दोन, तीन तीन मोठ्या टाक्या, छपरावरचं पावसाचं पाणी त्यात, आंघोळीला तेच, संडासाला तेच, सशाला तेच. टीगनसाठी साधं पाणी म्हणजे टाकीचं पाणी, दुसरं तिथे नाहीच. आणि आमच्या घरी? आमच्या घरी साधं म्हणजे नळाचं. पावसाची टाकी आमच्याकडेही आहे, पण ते पाणी खास, त्याला तोटी वेगळी, त्याचा मान वेगळा. म्हणजे माझ्या लेकीने मला एक शब्द सांगितला होता, मी तो बरोबर ऐकला होता, आणि तरी एका सशाचं आतडं थांबायला आलं होतं. सात वर्षं ती वर राहिली. तिच्या आणि माझ्या घराच्या मधे पाऊण तासाचा रस्ता, आणि तेवढ्यात पाण्याचा अर्थ बदलला, आणि आम्हाला दोघींनाही पत्ता नाही. मला कुमारी डॉक्टरला फोन करून सांगावंसं वाटलं. मग वाटलं, काय सांगणार, आम्ही मायलेकी एक भाषा बोलत नाही?

आमच्या स्वयंपाकघरात सिंकवर तीन तोट्या आहेत. गरम, गार, आणि तिसरी बारकी, टाकीची. ती रॉसची. इथल्या नळाच्या पाण्याला तलावाच्या तळाची चव येते आणि वर क्लोरिनचा वास, त्यामुळे इथे ज्याच्याकडे टाकी आहे तो माणूस टाकीच्या पाण्याबद्दल जसा बोलतो तसा बायकोबद्दल बोलत नाही. टाकीचं पाणी फक्त चहाला. बटाटे उकडायला कुणी घेतलं तर तंटा. माझी नणंद एकदा त्या पाण्याने हात धुवायला गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली, पण रॉस अजून तिला पाण्यात बघतो. जनावरांना टाकीचं पाणी देणं हा विचारसुद्धा या घरात कुणाच्या डोक्यात आला नसता. घरी आले तेव्हा रॉस टेबलाशी बसून चहाच पीत होता. मी खोकं खाली ठेवलं, सशांची वाटी साबण न लावता खसखसून घासली आणि बारक्या तोटीखाली धरली.

"लिन," तो म्हणाला. "ते टाकीचं आहे."

मी म्हटलं, माहीत आहे. तो म्हणाला, फेब्रुवारी संपत आलाय, पाऊस नाही. मी म्हटलं, तू एक दिवस नळाचा चहा प्यायलास तर जग बुडणार नाही. त्याने कपात बघितलं, आणि मला वाटलं मी जिंकले. वाटी लाँड्रीत नेली, दार लावून घेतलं, आणि जमिनीवर बसून वाट बघत राहिले. सॉल्ट आला. वाकला, मिशा पाण्याला टेकल्या, आणि मागे सरकून त्याने डोकं झटकलं. व्हिनेगरच्या तोंडाशी मी वाटी नेली. तिने मान फिरवली. मी बोट बुडवून तिच्या ओठांवर लावलं, तिने ते पायाने पुसून टाकलं. म्हणजे माझा सगळा शोध चुकीचा होता, की उशीर झाला होता? बाहेर आले तेव्हा रॉस दाराशीच उभा होता, हातात कप, चेहरा असा, की पोपट उडून गेला असेल असं मला वाटलं.

"प्यायली नसेल ती," तो म्हणाला. "टाकी मागच्या महिन्यातच संपली. मी बागेच्या नळाची नळी सोडली होती त्यात वरून."

महिनाभर हा माणूस सकाळी उठून बारक्या तोटीचा चहा करतो, पहिला घोट घेतो, 'आहा' करतो. रोज. मला विचारतो, चवीला आहे की नाही फरक? आणि मी म्हणते, आहे. गेली चाळीस वर्षं मी म्हणतेय आहे, आणि गेला महिनाभरही म्हणत होते, नळाच्या पाण्यालाच. आम्हा दोघा शहाण्यांना जे कळलं नाही ते एका मरायला टेकलेल्या सशाने मिशा टेकवून सांगितलं. मी विचारलं, का केलंस असं? तो म्हणाला, टाकी पोकळ वाजायला लागली की बरं वाटत नाही गं. एवढंच. मला त्याला ओरडायचं होतं आणि मला त्याची दयाही येत होती. या माणसाची दया नेमकी ओरडायच्या वेळेला येते, त्यामुळे लग्नाला चाळीस वर्षं झाली. त्याने स्वतःहून पेट्रोल पंपावर जाऊन बाटलीचं पाणी आणलं, डोंगराचं चित्र असलेलं. सॉल्टने त्याला एकदा नाक लावलं, एवढंच. शेजाऱ्यांनी टाकी काढून त्या जागी गाडीसाठी छप्पर केलंय. टाकी असलेला रॉसचा मित्र डग सुट्टीवर, समुद्रावर. रॉस म्हणाला, पाऊस येईल. मी खिडकीतून आभाळाकडे बघितलं. सकाळपासून तिथे एक ढग नव्हता.

राहिला हॅमिश. हे नाव मला मघाशीच, पुलाच्या चढावर सुचलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं होतं. टीगनला माझ्याकडून दोनच गोष्टी हव्या होत्या. ससे सांभाळ, आणि त्या माणसाशी बोलू नकोस. पहिली पाळायची तर दुसरी मोडायला हवी. ससा मेला तर ती मला दोष देणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. ती म्हणेल, असू दे आई, तुझी काय चूक. आणि पुन्हा कधीही काही मागणार नाही. आणि त्याच्याकडे गेले हे कळलं तरी तेच होईल. लपवता आलं असतं. रॉसने टाकीत नळी सोडली तसं आपणही सोडायचं आणि वर 'आहा' करायचं. मी बराच वेळ लाँड्रीच्या फरशीवर बसले होते. फरशी गार होती. व्हिनेगरने डोळे पूर्ण मिटले, तेव्हा मी उठले, गॅरेजमधला कॅम्पिंगचा पंचवीस लिटरचा डबा काढला, आणि रॉसला सांगितलं की तिला दर थोड्या वेळाने पिचकारीने पाणी दे, नाक वर करू नकोस, श्वासात जाईल. त्याने पिचकारी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने या घरात कुणाला पाणी पाजलं.

वर जाताना सगळा वेळ मी काय बोलायचं ते ठरवत होते. वळणावळणाने रस्ता चढतो, दोन्ही बाजूंना गवत वाळून पांढरं पडलेलं, रस्त्याकडेच्या पाटीवर वणव्याच्या धोक्याचा काटा शेवटच्या रंगावर. सहा-सात ख्रिसमस हॅमिश आमच्याबरोबर एका टेबलावर जेवला होता. कमी बोलणारा, हातात कसब असलेला. त्याने माझ्या लेकीला नक्की काय केलं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना एखाद्याचा राग करत राहणं फार कष्टाचं असतं. दार उघडून तो उभा राहिला तेव्हा त्याने आधी माझ्या मागे बघितलं, गाडीत अजून कुणी आहे का. नव्हतं. मी ठरवलेलं काहीच बोलले नाही. डबा पुढे केला आणि म्हटलं, पाणी हवंय, सशांना, आमच्याकडचं पीत नाहीत. तो वाळला होता. दाढी वाढलेली. त्याने डबा हातातून घेतला, मागे टाकीपाशी गेला, आधी खळबळून दोनदा ओतून दिला, मग भरायला लावला. डबा भरायला वेळ लागतो. आम्ही दोघं त्या धारेकडे बघत उभे होतो.

"कोण, व्हिनेगर ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. तो म्हणाला, तिला पिताना कुणी बघितलेलं आवडत नाही. कुत्रा तर नकोच. वाटी खुर्चीखाली वगैरे ठेवा, आडोशाला, आणि निघून जा. मग डबा गाडीत ठेवून देताना म्हणाला, मी आलो होतो हे, म्हणजे तुम्ही आला होतात हे, तिला नका सांगू, उगाच तुम्हाला त्रास. मी म्हटलं, बघते. मला त्याच्या हाताला धरून विचारावंसं वाटलं की तुम्ही दोघांनी हे काय करून ठेवलंत. पण गाडी चालू होती आणि खाली एक आतडं थांबत होतं. मी निघाले.

घरी रॉस लाँड्रीत फरशीवर पाय पसरून बसला होता, शर्ट ओला, मांडीवर टॉवेलात व्हिनेगर. थोडं गेलं पोटात, म्हणाला, थोडं माझ्यावर गेलं. मर्फी अंगणातून दार ओरबाडत होता. आम्ही खुर्ची आडवी टाकली, तिच्यावर चादर सोडली, आत वाटी ठेवली आणि दार ओढून बाहेर येऊन उभे राहिलो. दाराला कान लावून. बेसष्ट वर्षांची मी आणि अडुसष्ट वर्षांचा तो. आधी काहीच नाही. मग आवाज आला, बारीक, भरभर, चपचप चपचप, आणि तो थांबेचना. सॉल्ट असेल, रॉस कुजबुजला. आवाज थांबला. पुन्हा काही नाही. आणि मग दुसरा आवाज, जरा हळू, मधे थांबत, पुन्हा सुरू होत. रॉसने माझा दंड धरला. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. संध्याकाळी ट्रेमध्ये लेंड्या दिसल्या, ओलसर, गोल, चांगल्या मोठ्या, आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे वाकून असे बघत होतो की कुणाला वाटावं घरात नातवंड झालंय.

टीगनचा फोन जेवणानंतर आला, रोजच्यासारखा. उजेड अजून होता. मी मागच्या पायरीवर बसले होते. मागे तिच्या छावणीतल्या जेवणघराचा गोंगाट, ताटं, हसणं. पितात ना, तिने विचारलं. हो म्हणायला फार सोपं होतं, आणि आज ते खरंही होतं. पण मी सांगितलं. आधी मर्फीचं. मग डॉक्टरचं. मग साधं पाणी म्हणजे काय ते. इथे ती मधे बोलली, अगं आई, मला वाटलंच नाही, टाकीचंच असतं ना पाणी, अजून कसलं असणार, आणि तिचा आवाज फाटला. मी म्हटलं, तुझ्या बाबांची टाकी रिकामी आहे, म्हणून मी वर गेले होते. तुझ्या घरी. त्याच्याकडून डबा भरून आणला. तू नको म्हणाली होतीस. मी गेले.

गोंगाट मागे पडत गेला, ती चालत बाहेर आली असावी, कारण वाऱ्याचा आवाज यायला लागला. मी वाट बघत राहिले. फोन ठेवला जाईल असं वाटत होतं, आणि मग ती पुढच्या आठवड्यात येईल, ससे उचलेल, थँक्यू म्हणेल, आणि संपेल. मी फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखायला लागला.

"लिंबाला पाणी घालतो का गं तो?" टीगनने विचारलं. "मी लावलेल्या?"

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. टाकी, धार, त्याची दाढी, डबा. लिंबाचं झाड कुठे होतं तेच मला माहीत नव्हतं.

"नाही बघितलं गं," मी म्हटलं.

"उद्या पाणी आणायला जाशील ना," ती म्हणाली, "तेव्हा बघ."

डबा पायरीवर माझ्या शेजारीच होता. त्यातून दोन वाट्या गेल्या होत्या. ससे पंधरा दिवस प्यायले असते तरी संपला नसता.

"जाते," मी म्हटलं. "सकाळीच जाते."